नाक, शेपूट आणि नायरीचे कुंपण

सन दोन हजार अठरा, मार्च महिन्याचा पहिला शनिवार. स्थळ: न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या तळाशी असलेले वाईकोरा खोरे, आणि त्या खोऱ्यातून टेकडीच्या माथ्यापर्यंत चढणारा खडीचा रस्ता. त्या दिवशी सकाळपासून हा रस्ता सार्वजनिक वाहतुकीस बंद आणि वाईकोरा मोटर क्लबाच्या सभासदांस खुला होता. म्हणजे वर्षाच्या इतर दिवशी ज्या वेगाबद्दल पोलीस दंड करतात, त्याच वेगाबद्दल त्या दिवशी कप मिळणार होता.

रस्ता बंद करायचा तर कडेच्या जमिनीच्या मालकाची संमती लागते. आमच्या टेकडीवर असा मालक एकच, आणि ती नायरी मॅकेल्वी. सत्तरी ओलांडलेली, मेंढ्या पाळणारी, आणि नवरा गेल्यापासून त्याचेच बूट घालून वावरणारी बाई. रस्ता अर्ध्यावर आला की एक डावे वळण लागते. त्याच्या बाहेरच्या अंगाला उतार आहे, त्या उतारावर वर्षभराची सुटी खडी वाहून येऊन बसते, आणि उतार जेथे संपतो तेथे नायरीचे कुंपण सुरू होते. कुंपणापलीकडे तिचे मेंढे असतात. वळण, उतार, खडी, कुंपण आणि मेंढे ही रचना पाहिली की वाटते, हा रस्ता आखणाऱ्या अभियंत्याचे मॅकेल्वी घराण्याशी काही जुने वैर असावे.

जानेवारीत तिने आमचे अध्यक्ष कॉलिन टलक यांना फोन केला होता. कॉलिनचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान आहे आणि त्याला मोठ्याने बोलणाऱ्यांची सवय आहे. तरी तो फोन त्याने कानापासून वीतभर दूर धरला होता, त्यामुळे दुकानातल्या आम्हा सर्वांना संभाषण ऐकता आले.

“या वर्षी एक तार तुटली, कॉलिन, एक, तर पुढच्या वर्षी तुमच्या गाड्या तुम्ही दिवाणखान्यात पळवा.”

“नायरी, मेंढे एका दिवसापुरते दुसरीकडे हलवता नाही का येणार?”

“टेकडी एका दिवसापुरती दुसरीकडे हलव.”

आमच्या खोऱ्यात बाकी सगळी सपाट कुरणे आणि दुभत्या गाई आहेत. टेकडी ही एकच. ती गेली तर क्लब गेला, आणि क्लब गेला तर मर्डो गेडिसचे काय होईल हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नव्हते. मर्डो जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरत आला. त्या कामाने त्याची पाठ कायमची वाकली आणि जीभ कायमची सैल झाली. त्याच्यापाशी आता पेन्शन, पाठदुखी आणि ही टेकडी एवढेच शिल्लक होते. एकेका गाडीने घड्याळ लावून टेकडी चढायची ही शर्यत त्यानेच सुरू केली होती. आणि नायरीचे कुंपण सर्वांत जास्त वेळा त्यानेच मोडले होते.

सर्वांत जास्त वेळा, पण एकट्याने नव्हे. दुसरा मान त्याच्या मुलीचा, आयलाचा. फरक इतकाच की बाप कुंपणात पाठमोरा शिरत असे आणि मुलगी तोंडाने. या फरकावर त्या दोघांनी पंधरा वर्षे वाद घातला होता. नायरीचे त्यावरचे मत असे की मोडलेल्या खांबाला दिशा नसते.

या वादाचा विषय असलेल्या दोन दोषांची येथे व्याख्या केली पाहिजे, कारण व्याख्येवाचून वाद म्हणजे नुसता आरडाओरडा. वळणावर गाडीची पुढची चाके आधी घसरली, तर स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते; नाक वळत नाही. यास अंडरस्टिअर म्हणतात. गोठ्याच्या दारात अडलेल्या मेंढ्याची मान तुम्ही एकीकडे ओढता आणि तो अंगाने दुसरीकडे जातो, तसा हा प्रकार. उलट, मागची चाके आधी घसरली, तर गाडी सांगितले त्याहून जास्त वळते. शेपूट सुटते आणि नाकाच्या पुढे जाऊ पाहते. हा ओव्हरस्टिअर. स्वयंपाकघराच्या ओल्या फरशीवरून धावत आलेले कुत्रे दारापाशी वळताना ज्या रीतीने ढुंगणावर येते, ती रीत.

दोन्ही दोषांचे औषध जन्मजात बुद्धीच्या विरुद्ध आहे. नाक वळेना म्हणजे हात आपोआप स्टेअरिंग आणखी पिळतात. पण घसरणाऱ्या चाकाला आणखी पिळून काही कळत नाही. तेथे स्टेअरिंग थोडे सोडावे, पाय हलका करावा, आणि गाडीचे वजन पुढे येऊन चाके पुन्हा जमीन धरेपर्यंत थांबावे. थांबणे हेच औषध, आणि कुंपण जवळ येत असताना ते गिळणे कठीण. शेपूट सुटली म्हणजे पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून उडतो. तसे केल्याने मागचा भाग आणखी हलका होतो आणि उरलीसुरली शेपूटही जाते. तेथे जायचे असेल तिकडे पाहावे, स्टेअरिंग शेपटीच्या दिशेने फिरवावे आणि पाय स्थिर ठेवावा.

मर्डोची पिवळी गाडी आयलापेक्षा वयाने मोठी, आणि मागच्या चाकांनी ढकलली जाणारी. शेपूट सोडणे हा तिचा दोष नव्हे, तो तिचा धर्म होता. आयलाची छोटी पांढरी गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी. नाक न वळणे हा तिचा स्वभाव. आयला आठवडाभर दुधाचा टँकर चालवते, त्यामुळे थांबणे तिला येते. मर्डोला ते आयुष्यात कधी आले नाही.

“नाक न वळणारी गाडी म्हणजे काय, माहीत आहे का?” मर्डो त्या सकाळी चहाच्या टेबलापाशी, गरम चीज रोल हातात नाचवत, नव्या सभासदांना सांगत होता. “कौन्सिलातला कारकून. तुम्ही ओरडा, रडा, टेबल आपटा. तो म्हणणार, अर्ज करा. शेपूट सोडणारी गाडी निदान माणसासारखी भांडते. बायकोसारखी. रागावली की आधी कळतं.”

“म्हणूनच आई तिकडे शहरात, इन्व्हरकार्गिलला राहते,” आयला मागून म्हणाली.

“तुझ्या आईनं मला सोडलं ते गाडीमुळे नाही.”

“नाही, ती गाडी दिवाणखान्यात उघडून ठेवल्यामुळे. बाबा, रोल खाली ठेव, लोणी गळतंय.”

“आणि एक लक्षात ठेवा रे पोरांनो,” तो रोल खाली न ठेवता म्हणाला, “कुंपण दिसलं की पाय उचलतो तो फक्त कुत्रा.”

गेल्या वर्षी याच सिद्धांताने घात केला होता. मर्डो पाय न उचलता वळणावर आला, शेपूट गरजेपेक्षा दोन हात जास्त सुटली, आणि पिवळी गाडी पाठमोरी, मोठ्या आदबीने, नायरीच्या रानात शिरली. आम्ही गाडी ओढून काढली, मर्डोच्या कपाळावर पट्टी लावली, आणि खांब उभे करू म्हणून हातोडा आणायला गेलो. तेवढ्या अवधीत मेंढे बाहेर पडले. आता मेंढे आणि मेंढ्या यांची गाठ आमच्याकडे एप्रिलच्या शेवटी घालतात. म्हणजे थंडी सरल्यावर, सप्टेंबर संपता संपता कोकरे येतात. मेंढ्यांनी हा शास्त्रार्थ वाचलेला नसतो. ते खालच्या कुरणात गेले आणि मार्चमध्येच सामुदायिक विवाह उरकला. परिणामी ऐन हिवाळ्यात, ऑगस्टच्या गारांत कोकरे पडली. त्यांतली कित्येक सकाळपर्यंत टिकली नाहीत. जी टिकली ती नायरीने स्वयंपाकघरातल्या चुलीपाशी खोक्यात ठेवून बाटलीने वाढवली, आणि नर असो की मादी, प्रत्येकाचे नाव मर्डो ठेवले. कॉलिनला फोन आला तो या पार्श्वभूमीवर.

त्या वळणावर पिवळे निशाण घेऊन उभे राहण्याचे काम माझे. मी वळणाच्या आतल्या अंगाला, उंच बांधावर उभा राहतो. बाहेरच्या अंगाला उभे राहणारे प्रेक्षक एकतर नवखे असतात किंवा थोड्या वेळाने नसतात. त्या दिवशी माझ्या शेजारी नायरी घडीची खुर्ची टाकून, थर्मास मांडीशी घेऊन बसली होती. गाडी येण्याचा आवाज झाला की ती चहा ओतणे थांबवी. गाडी गेली की पुन्हा ओतू लागे.

बाकी सगळ्यांच्या फेऱ्या झाल्या. आयला आली, वळणाच्या कितीतरी आधी तिने पाय हलका केला, गाडी क्षणभर सरळ सरकली, मग नाकाने जमीन धरली आणि ती टपाल टाकून जावी तशी निघून गेली.

“ही बरी आहे,” नायरी म्हणाली. “कंटाळवाणी, पण बरी.”

मग मर्डो आला. वळण लागायच्या आधीच त्याची गाडी आडवी झालेली होती. दाराच्या काचेतून तो पुढचा रस्ता पाहत होता, आणि शेपूट कुंपणाच्या इतकी जवळून गेली की तारांवर खडीचा पाऊस वाजला. नायरी अर्धवट उठली. खडी थांबली, तारा उभ्याच होत्या. ती बसली आणि थर्मासच्या झाकणात उरलेला चहा प्यायली.

“हा मरेल तेव्हासुद्धा आडवाच जाईल,” ती म्हणाली.

“मरताना सगळेच आडवे जातात, नायरी,” मी म्हणालो.

“तू निशाण धर.”

खाली घड्याळाने निकाल दिला तो असा की बाप आणि मुलगी तंतोतंत बरोबरीत. आणि येथे क्लबाचा एक नियम जागा झाला, जो इतकी वर्षे झोपेत होता म्हणून कोणी रद्द केला नव्हता.

हा नियम मर्डोनेच केलेला. फार पूर्वी अशीच बरोबरी झाली होती आणि ती शेवटी दोघांनी दारूच्या गुत्त्यामागे मुठींनी सोडवली. त्यानंतरच्या वार्षिक सभेत, त्याच गुत्त्यात, मर्डो टेबलावर चढला आणि म्हणाला की जो स्वतःच्या गाडीत जिंकतो त्याची गाडी चांगली, जो दुसऱ्याच्या गाडीत जिंकतो तो माणूस चांगला. म्हणून बरोबरी झाली तर दोघांनी गाड्या बदलाव्यात आणि पुन्हा चढावे. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण विरोध करायला उभे राहू शकेल असा सभासद त्या वेळी उरला नव्हता.

कॉलिन रडकुंडीला आला. “कप वाटून घ्या. सहा महिने याच्या कपाटावर, सहा महिने तिच्या. मर्डो, तुझी गाडी ती ओळखत नाही, तिची तू ओळखत नाहीस, आणि मध्ये ते वळण आहे. अरे, वर ती बाई खुर्ची टाकून बसली आहे!”

“नियम म्हणजे नियम,” मर्डो म्हणाला.

“तूच केलास ना तो? दारू पिऊन!”

“शुद्धीवर केलेले नियम कोण पाळतं?”

“आयला, तू तरी.”

आयलाने हेल्मेट उचलले. “पंधरा वर्षं ऐकतेय, कॉलिनकाका. दूध आणायची पिशवी म्हणतो हा माझ्या गाडीला. एकदा बसू दे पिशवीत.”

“तुला दोन गोष्टी सांगतो,” मर्डो तिला म्हणाला.

“नको.”

“बरं. मग मलाही नकोत.”

अशा रीतीने, दोघांनाही जे एकमेकांकडून शिकण्याची नितांत गरज होती, ते न शिकता दोघे एकमेकांच्या गाड्यांत बसले. मर्डोच्या गाडीची बैठक तळाला बोल्टने जखडलेली. आयलाचे पाय पेडलपर्यंत पोहोचेनात म्हणून चहाच्या खोलीतल्या दोन उशा तिच्या पाठीमागे कोंबल्या. मर्डोचे गुडघे तिच्या गाडीत स्टेअरिंगच्या दोन्ही बाजूंना आले आणि तो पाळण्यात बसवलेल्या पाटलासारखा दिसू लागला.

आधी आयला निघाली. मला बांधावरून पिवळी गाडी दिसण्यापूर्वी तिचा आवाज आला, आणि आवाज चांगला होता. वळणाच्या तोंडाशी तिने आपल्या शिस्तीने पाय हलका केला. तिच्या गाडीत असे केल्यावर नाक जमीन धरते. बापाच्या गाडीत असे केल्यावर शेपूट जमीन सोडते. शेपूट बाहेर निघाली.

येथे तिची दुसरी सवय पुढे आली. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत शेपूट हलली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. पुढची चाके गाडीला दोरीसारखी ओढून सरळ करतात. तिने दाबला. पण या गाडीत जोर मागे होता. दोरी ओढण्याऐवजी मागून ढकलल्यासारखे झाले, आणि जी शेपूट अजून विचारात होती तिचा निर्णय पक्का झाला. पिवळी गाडी धुळीच्या लोटात स्वतःभोवती पूर्ण फिरली. एकदा बॉनेट दिसले, एकदा मागचा नंबर, पुन्हा बॉनेट. मग धूळ खाली बसली आणि गाडी रस्त्याच्या मधोमध, पुन्हा चढाकडेच तोंड करून, इंजिन चालू अशी उभी होती. आत आयला ताठ बसली होती. उशांपैकी एक तिच्या डोक्यावर होती. तिने उशी काढली, गिअर टाकला आणि पुढे निघून गेली.

माझ्या हातातला वॉकी-टॉकी बोलला. कॉलिन होता. त्याने एकच शब्द विचारला.

“कुंपण?”

“उभं आहे.”

“आणि आयला?”

“तीही.”

“थर्मासही,” नायरी म्हणाली. “सांग त्याला.”

आयलाची वेळ साहजिकच फार वाईट लागली. मर्डोला जिंकण्यासाठी आता नुसते वर पोहोचायचे होते. परंतु नुसते पोहोचणे हा प्रकार त्याच्या संग्रहात नव्हता. पांढरी गाडी खालून आली ती वाईकोरात कोणत्याही पांढऱ्या गाडीने आजवर केला नसेल असा आवाज करत.

त्याने काय करायचे योजले होते ते मला बांधावरून स्वच्छ दिसले, कारण ते तो नेहमीच करत असे. वळणाच्या आधीच गाडी आत फेकावी, अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, शेपूट सोडावी, आणि आडवे जावे. त्याने गाडी आत फेकली. त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. शेपूट आपल्या जागी, नम्रपणे, नाकाच्या मागे राहिली. आणि नाक, ज्यावर वळण्याचा आणि ओढण्याचा दोन्ही भार एकदम आला होता, दोन्ही सोडून सरळ कुंपणाकडे निघाले. मर्डोने स्टेअरिंग आणखी पिळले. गाडीने अर्ज करा म्हटले. त्याने आणखी पिळले.

मग त्याने पाय उचलला.

पण उचलला तो एकदम, भाजल्यासारखा. वजन धाडकन पुढे आले, नाकाने जमीन धरली, मागचा भाग हलका झाला आणि ज्या गाडीला शेपूट नाही असे तो पंधरा वर्षे सांगत आला होता तिची शेपूट सुटली. बांधावरूनही मला त्याचा चेहरा उजळलेला दिसला. परक्या गावात ओळखीचा माणूस भेटावा तसे त्याला झाले. त्याने तत्क्षणी स्टेअरिंग शेपटीच्या दिशेने, म्हणजे बाहेरच्या बाजूला फिरवले, आणि जन्मभराच्या सवयीने घसरण टिकवण्यासाठी पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला. आता पुढची चाके ज्या बाजूला रोखलेली होती त्या बाजूला त्यांनी गाडीला इमानाने ओढले. ती बाजू नायरीची होती.

त्याने ब्रेक दाबला. खडी उडाली. गाडी उतारावरून घसरत गेली, तारांना भिडली, तारा ताणल्या, सतारीसारख्या वाजल्या, आणि गाडी थांबली.

नायरी उठून उभी राहिली. मी निशाण हलवत खाली धावलो. गाडीचे नाक कुंपणाला टेकलेले होते, आणि बंपरच्या कोपऱ्याखाली वरची तार अडकून धनुष्यासारखी ताणली होती. तुटलेली नव्हती. मर्डोने मागे जाण्याचा गिअर टाकलेला होता. इंजिन चालू होते.

“घड्याळ चालू आहे!” वॉकी-टॉकीतून कॉलिन ओरडत होता. “आयलाला इतका वेळ लागलाय, अजून सहज जमेल! सांग त्याला, मागे घे आणि सूट!”

मी काचेतून ओरडून सांगितले. मर्डोने काच खाली केली, मान बाहेर काढली, बंपरकडे पाहिले.

“मागे घेतलं तर तार तुटेल,” तो म्हणाला.

“एकच तुटेल!” वॉकी-टॉकी म्हणाला.

“एकच म्हणाली होती ना ती?”

त्याने टेकडीच्या माथ्याकडे पाहिले. तेथे आयला, हेल्मेट काखेत घेऊन, कड्यावर उभी होती. कप कोणाला हवा नसतो? त्यातून हा पोरीच्या हातून निसटलेला, वर्षभर मिरवण्याजोगा, तिच्याच गाडीत बसून जिंकलेला कप. मर्डोने मान आत घेतली. इंजिनाचा आवाज थोडा वाढला. बांधावर नायरी हलली नाही.

मग त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केले.

या शांततेचा फायदा मेंढ्यांनी घेतला. ते कुंपणापलीकडे गोळा झालेच होते. त्यांतला सर्वांत थोराड मेंढा दोन पावले मागे सरला आणि पांढऱ्या गाडीच्या दिव्यावर त्याने डोके आपटले. दिवा फुटला. तार वाजली. त्याला हा आवाज आवडला असावा, कारण तो पुन्हा मागे सरला.

“ए, ए, ए!” मर्डो दार उघडून बाहेर पडला. मी आजवर त्याला खुर्चीतून उठताना कण्हल्याशिवाय पाहिलेला नाही. तो माणूस खांबाला धरून कुंपणावर चढला, एक पाय टाकला, शिवी दिली, दुसरा पाय टाकला आणि पलीकडे उतरला. मेंढा डोके खाली घालून सुटला होता. मर्डोने त्याची हनुवटी एका हाताने वळवली, दुसरा हात मांडीमागे घातला, गुडघा लावला, आणि तो प्रचंड मेंढा एकाएकी ढुंगणावर बसला, पाठ मर्डोच्या मांड्यांना टेकून, चारी पाय हवेत, जसा प्रत्येक मेंढा कातरणाऱ्याच्या हातात बसतो. लगेच त्याने सर्व वैर सोडले आणि दूरवर पाहत रवंथ सुरू केला.

“लवकर सोडवा रे ती तार,” मर्डो दात चावत म्हणाला. “याचं वजन माझ्यापेक्षा जास्त आहे.”

नायरी खिशातून पक्कड काढत खाली आली. ती गुडघ्यांवर बसली, बंपरच्या खाली वाकली.

“गाडी एक बोट मागे ढकल,” तिने मला सांगितले. मी ढकलली. “बास. आता हलू नकोस.”

तोपर्यंत आयला उतारावरून धावत पोहोचली होती. तिने आधी बापाकडे पाहिले, मग मेंढ्याकडे, मग दिव्याकडे.

“माझा दिवा!”

“मी नाही फोडला,” मर्डो म्हणाला. “यानं फोडला.”

“लागलंय का तुला कुठे?”

“पाठ. ती सकाळपासूनच लागलेली आहे. तुझी गाडी वळत नाही.”

“वळते. तू वळू देत नाहीस. आणि तुझी? चांगली चाललेली गाडी, मी जरा पाय हलका केला तर भोवरा!”

“तिच्यात पाय हलका करतात का कधी? आणि वर दाबलास!”

“शेपूट हलल्यावर दाबायचाच असतो.”

“तुझ्या पिशवीत! माझ्या गाडीत स्थिर ठेवायचा, पोरी, स्थिर. सांगत होतो, तर म्हणे नको.”

“मी सांगत होते का तुला? एकदम नको उचलूस, हळू उचल, असं सांगितलं असतं.”

“मग सांगायचं ना!”

“तू विचारलंस?”

मेंढ्याने रवंथ थांबवून दोघांकडे पाहिले. मग मर्डोने खरोखरच विचारले, आणि ते आमच्या खोऱ्यात कोणी फारसे ऐकलेले नव्हते.

“पाय हळू उचलल्यावर काय होतं तुझ्या गाडीत?”

“वळते.”

“आपली आपण?”

“आपली आपण. थोडं थांबावं लागतं.”

“किती?”

“तुला वाटतं त्याच्यापेक्षा जास्त.”

“हं,” मर्डो म्हणाला. त्याने मेंढ्याचे वजन दुसऱ्या मांडीवर घेतले. “आणि तू असं कुंपणापर्यंत थांबतेस? दर वेळी? भीती नाही वाटत?”

“दर वेळी वाटते.”

तार बंपरमधून निसटली, टणकन जागेवर गेली आणि थरथरत राहिली. वॉकी-टॉकी बऱ्याच वेळापासून मुका होता. बहुधा कॉलिनने घड्याळ बंद करून कपाळाला हात लावला असावा. मर्डोने मेंढा सोडला. तो उठला, अंग झाडून, काहीच घडले नसल्यासारखा गवताकडे निघाला. मर्डोला मात्र कुंपण पुन्हा चढता येईना. आयलाने एका काखेत आणि मी दुसऱ्या काखेत हात घालून त्याला तारांवरून ओढून घेतले. पलीकडे राहिलेला त्याचा एक बूट मग मी हात घालून काढला.

नायरी एवढा वेळ कुंपणाच्या कडेने चालत होती. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, पुन्हा परत, वरची तार, मधली तार, खालची तार, प्रत्येकीवरून तिने बोट फिरवले. एक खांब तिने नवऱ्याच्या बुटाने दोनदा लाथेने तपासला. मग ती परत आली. मर्डो एका पायात बूट, दुसऱ्या पायात मोजा अशा अवस्थेत गाडीला टेकून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिले नाही, मोज्याकडे पाहिले.

“कप पोरीचा,” नायरी म्हणाली. “तारा शाबूत आहेत. पुढच्या वर्षी या.”